दिवाळसणाचं कार्ड

२१ ऑक्टोबर १९९९, गुरुवार

जावईबापूंना कार्ड पाहिजे!

कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं. त्यानं म्हणे खेळातली चित्रं भरभर पळतात. रम्या दुपारी दुकानात आली, गल्ल्यावर चिठ्ठी ठेवली आणि स्टीलच्या डब्यांची झाकणं उघडत-लावत उभी राहिली. माझ्याकडं बघेना. आपल्याच आईकडं नवऱ्यासाठी मागायचं म्हणजे पोरीला अवघड वाटणारच. चिठ्ठीत लिहिलेलं — ‘थ्री-डी कार्ड, एजीपी, सोळा एमबी. नाहीतर जमेल ते.’ अक्षर रम्याचं. म्हणजे बिंदुमाधवरावांनी पाय पसरून सांगायचं आणि हिनं लिहून घ्यायचं. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तर माझ्या पोरीची कारकून केली.

मी मनात अंगठी धरली होती. शहाजीराजांच्या वेळी आमची माणसं बेंगळुरात आली, तेव्हापासून आमच्या घरात पहिल्या दिवाळीला जावयाला अंगठीच. जावई ‘काही नको’ म्हणतो, आपण आग्रह करतो, तो घेतो. किती सोपं आहे! ह्यानं सरळ यादी पाठवली.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, अंगठीपेक्षा स्वस्तात सुटलो, घेऊन टाक. भांडी विकून विकून माणसाला सगळं वजनावर दिसायला लागतं.

२२ ऑक्टोबर

एकोणतीस वर्षांचा घोडा. खेळ!

२५ ऑक्टोबर, सोमवार

न कळवता बनशंकरीला रम्याच्या घरी जाऊन आले. बरोबर कुंकवाची पुडी आणि ओला नारळ, म्हणजे कारण विचारायला नको.

दुपारी तीन वाजलेले. बेल तीनदा वाजवली तेव्हा रम्यानं दार उघडलं. केस सुटलेले, डोळ्यांखाली काळं. स्वयंपाकघरात दूध करपल्याचा वास. आणि बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर चालू! पडद्यावर रस्ता, रस्त्यात एक लाल मोटार थांबलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, ह्यांचं आहे, सकाळी बंद करायचं राहिलं. सकाळपासून दुपारपर्यंत वीज जळतेय आणि बायको बघत बसली आहे. बंद करायचीही हिंमत नसेल.

जेवलीस का म्हटलं तर आठवून सांगावं लागलं तिला. रम्या अशी नव्हती. घरात होती तेव्हा दुधावर तिचा डोळा असायचा.

खाली घरमालकीण लक्ष्मीदेवी भेटल्या. कुंकू लावलं, नारळ त्यांनाच दिला. त्यांनी आपण होऊन विषय काढला — वरून दिवसभर मोटारींचा आवाज येतो हो, धडाधड आपटतात. दिवसभर! म्हणजे हा ऑफिसला दांड्या मारतो. आज गेला होता, पण रोज जात असेल कशावरून?

खाडाखोड न करता लिहून टाकते. पोरगी सुखात नाही. स्थळ मी पसंत केलं होतं. ह्यांना तो दुसरा, बँकेतला मुलगा आवडला होता.

२६ ऑक्टोबर

हे म्हणतात, उगाच विचार करतेस. गिऱ्हाईक नसतं तेव्हाही हे असंच म्हणतात.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

एस.पी. रोड. नळाच्या तोट्या, पंप, वायरींची भेंडोळी आणि त्यांच्या मधेमधे कॉम्प्युटर. गल्लीत मी सोडून एक बाई नव्हती. तीन दुकानांत मला, साहेबांना घेऊन या असं सांगितलं. चौथ्यात प्रदीपकुमार नावाचा मालक होता, त्यानं स्टूल दिलं. म्हणून तिथंच बसले.

त्यानं तीन कार्डं मांडली. मी एकेक हातात घेऊन जोखलं. सगळ्यात जड होतं त्याच्यावर इवलासा पंखा. पंखा कशाला, विचारलं. म्हणाला, अम्मा, हे फार काम करतं, तापतं, म्हणून. मग त्यानं ते लावून मोटारींचा खेळ दाखवला. काय सांगू! मोटार अशी वळली की मी स्टुलावर कलले. रस्त्याकडेची झाडं, धूळ, मागच्या मोटारीची नंबरपाटी, सगळं स्पष्ट. प्रदीपकुमार सांगत होता की माणसं खुर्चीवरून उठत नाहीत.

तेच तर! हे घरात आलं तर हा माणूस जेवायला उठणार नाही, ऑफिसला जाणार नाही आणि एक दिवस माझी रम्या पिशवी घेऊन दारात उभी राहील.

मी चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, सरी, बरोबर आहे, हे बसेल. मी म्हटलं, चिठ्ठीवर ब्लाउज शिवत नाहीत. माप आणते. तो माझ्याकडं बघतच राहिला. पण नको त्या मापाचं झाकण देऊन गिऱ्हाईक कसं परत येतं ते मला विचारा.

खरं म्हणजे मला विचार करायला वेळ हवा होता.

३० ऑक्टोबर, शनिवार

परत बनशंकरी. आत आहे ते जुनं कार्ड मापाला काढून द्या म्हटलं.

साहेब घरीच होते, पेपर वाचत. उठलेसुद्धा नाहीत! रम्यानंच डबा खोलला. स्क्रू काढून वाटीत ठेवले, लोखंडाला हात लावला, मग मिक्सरचं भांडं काढावं तसं कार्ड उचकटून हातात दिलं. दोन मिनिटं लागली नसतील. खेळायचं ह्यानं आणि खोलायचं माझ्या पोरीनं. मी रेशमी खण आणला होता गुंडाळायला, तर म्हणाली, रेशमात नको आई, विजेनं बिघडतं, आणि कुठली तरी चंदेरी पिशवी शोधून काढली. त्याचे धडे पाठ करून ठेवलेत बिचारीनं.

बिंदुमाधवरावांनी कॉफी केली. स्वतः! मला अत्ते-अत्ते म्हणत बिस्किटंही पुढं केली. मन खात असलं की माणूस असाच गोड वागतो.

एक बरं झालं. कार्ड माझ्याकडं म्हणजे दिवाळीपर्यंत खेळ बंद. असं मी बोलले तर जावई हसले. रम्या हसली नाही.

२ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं आणि करूनही आले.

प्रदीपकुमारनं माप बघून मान डोलावली. एजीपीच. चिठ्ठी बरोबर होती, असं त्यानं दोनदा ऐकवलं. मग पंख्याचं काढायला लागला. मी म्हटलं, थांबा. ह्यातलं वाईट कुठलं?

त्याला वाटलं मी स्वस्त म्हणतेय. म्हटलं, स्वस्त नव्हे, वाईट. दिसायला नवं पाहिजे, खोक्यावर चित्र पाहिजे, कॉम्प्युटर चालला पाहिजे. पण खेळ नीट चालता कामा नये.

असं गिऱ्हाईक त्यानं जन्मात बघितलं नसणार. मग आतून चार एमबीचं एक काढलं. बिनपंख्याचं, पापडासारखं हलकं. लावून दाखवलं. मोटार निघाली, थांबली, परत निघाली. झाडांच्या जागी हिरवे चौकोन. वळणावर तर आमच्या राजाजीनगरची बस चढावर करते तसं करायला लागली.

हेच द्या, म्हटलं.

त्यानं मला दहा मिनिटं समजावलं. थोडे जास्त घाला, मधलं घ्या, मधलं निदान पळेल. अळिय बेजार होतील अम्मा, जावयाची पहिली दिवाळी आहे. मला त्याचं कौतुक वाटलं. जास्तीचं विकायचं म्हणून बोलत नव्हता, खरंच वाईट वाटत होतं त्याला. पण मी ऐकते होय? वर त्या वाईटावरही घासाघीस केली. सवय जात नाही. कॉम्प्युटरच्या उंदराखाली ठेवायची चटई त्यानं फुकट दिली.

येताना मॅजेस्टिकला बस बदलताना मनात आलं — कपट आहे हे. आहेच. पण पोरीचा संसार सावरायला आईनं एवढं केलं तर बिघडलं कुठं? खेळ रखडेल, ह्याला कंटाळा येईल, हा बायकोकडं बघेल. भांडण नाही, उपदेश नाही. जमेल ते आणा असं त्यांनीच लिहिलं होतं. मला हे जमलं!

ह्यांना काही सांगितलं नाही. खोकं बघून म्हणाले, हलकं आहे गं.

६ नोव्हेंबर, शनिवार

नीरु तुंबो हब्ब, पाणी भरायचा सण. तांब्याचा हंडा चिंच लावून घासला, भरला, चुन्याची बोटं ओढली. अनारशासारख्या कज्जाया जमल्या, चकल्या तेल प्यायल्या. दोघं संध्याकाळी आली. रम्या आल्या आल्या विचारते, आई, मिळालं का? मी म्हटलं, जावयाला घाई नाही, तुला कसली? लाजली.

७ नोव्हेंबर, रविवार

नरकचतुर्दशी. तेल, उटणं, आंघोळी सगळं साग्रसंगीत. जावयाला पाटावर बसवून ओवाळलं आणि खोकं हातात दिलं. धोतरजोडी वरून.

त्यांनी खोकं बघितलंच नाही. तसंच रम्याकडं सरकवलं — तूच उघड. बघा! कागद फाडायलाही बायको पाहिजे.

रम्यानं कागद सोडवला. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरं असतात ती वाचत बसली. बराच वेळ. मग कागद होता तसा परत घडी घालून लावला. ‘छान आहे, आई,’ म्हणाली. जावयानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्या पाया पडले आणि फार त्रास घेतलात म्हणाले. चेहऱ्यावर नाराजी औषधाला नाही. एवढं मात्र मानलं. माणूस मनातलं लपवायला पक्का आहे.

रम्याचे डोळे लाल दिसले. विचारलं तर म्हणाली फटाक्यांचा धूर.

८ नोव्हेंबर, सोमवार

दोघं सकाळी बनशंकरीला गेली, कार्ड बसवायला. उद्या पाडव्याला जेवायला येतील.

दुपारी फोन केला. राहवेना. जावयानं उचलला. कसं चालतंय विचारलं. बसलं अत्ते, म्हणाले, पण मोटारी स्वल्प अडकत अडकत जातात. मी अरेरे म्हटलं. इकडं मी एकटीच हसत होते. मागं मोटारींचा आवाज नाही, काही नाही, शांत घर. आता काय करताय, विचारलं. भांडी घासतोय म्हणाले. एका दिवसात! माझा बाण बरोबर लागला.

रम्याला द्या म्हटलं तर पडलीय, डोकं दुखतंय. नवरा ताळ्यावर आला तर हिचं डोकं दुखतं. पोरींचं काही कळत नाही.

९ नोव्हेंबर, मंगळवार, पाडवा

जेवणं झाल्यावर हे आणि रम्या पानं आणायला गेले. बिंदुमाधव स्वयंपाकघरात आला. कार्ड बदलून मिळेल का अत्ते, वरचे पैसे मी घालतो, तिला मात्र सांगू नका, म्हणाला. मी फटकन म्हटलं, एवढा कसला खेळाचा नाद?

‘मी कुठं खेळतो अत्ते? मी पहिल्याच वळणावर आपटतो. ती खेळते. फार सुंदर चालवते. एकदा बघा तुम्ही येऊन.’

मग माझ्याकडं तिनं स्वतः का नाही मागितलं, विचारलं. म्हणाला, ती म्हणाली की जावयानं मागितलं तर आई नाही म्हणणार नाही.

काल ती रडली. तो बदलून आणतो म्हणाला तर नको म्हणाली. आईला यातलं काय कळतंय, तरी माझ्यासाठी उन्हातून फिरली, तिला वाईट वाटेल.

मला सगळं कळत होतं. प्रदीपकुमारनं मांडलेली तीन होती, त्यातलं हे नव्हतंच. हे मी आतून काढायला लावलं.