हयात जवानाच्या फोटोवरील हार उतरविणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सागरसेतू कलादालन, नवी मुंबई.

विषय : फोटो क्र. ७ वरील हार तातडीने काढून मिळणेबाबत.
संदर्भ : माझी तोंडी विनंती दि. १०, १२ व १५ आणि आपले उत्तर, "बघू".

महोदय,

१. मी निशिगंधा कमळाकर भगत, रा. जुहूगाव, वाशी, व्यवसाय फोटोग्राफी. 'माझा देश, माझा माणूस' हे माझे प्रदर्शन दि. ८ पासून आपल्या दालनात सुरू आहे. त्यात एपीएमसी बाजारातल्या कांद्याच्या गाळ्यात झेंडावंदन करणारे हमाल आहेत. माझी मैत्रीण झेबा आहे, जिच्या सात पिढ्या उरणच्याच, तरी जिला अजूनही लोक "मूळच्या कुठल्या?" म्हणून विचारतात. आणि फोटो क्र. ७ मध्ये माझा होणारा नवरा प्रीतम मढवी आहे. सुट्टीचा शेवटचा दिवस, अंगावर वर्दी, हातात आजीने दिलेला सुक्या जवळ्याचा डबा.

२. उद्घाटनाला गणपतीसाठी आणलेल्या हारांतला एक उरला. तो वाया जाऊ नये म्हणून आपले शिपाई नामा यांनी वर्दी पाहून श्रद्धेने फोटो क्र. ७ ला घातला. हाराने नेमका डबाच झाकला गेला. प्रमुख पाहुण्यांनी हार पाहिला आणि दोन मिनिटे मौन जाहीर केले. मी तेव्हा गाडी लावून पेढे घेऊन आत आले. सगळे उभे, म्हणून मीही मान खाली घालून उभी राहिले. कोण गेले, असे शेजारच्या बाईंना हळूच विचारले तर त्यांनी माझ्याच माणसाकडे बोट दाखवले!

३. मी स्वतः हार काढायला स्टूल मागितले असता, जवानाच्या फोटोचा हार उतरवल्यास भावना दुखावतील, असे आपण सांगितले. भावना कोणाच्या, ते सांगितले नाही. नामा रोज सकाळी ताजा हार घालतात, उदबत्ती लावतात. काच काळी पडत चालली आहे.

४. दि. १२ रोजी आपल्या लिपिकांनी प्रीतमचा हयातीचा दाखला मागितला, तोही समक्ष सहीचा. तो सीमेवर आहे, २७ ला येणार. मी व्हिडिओ कॉल लावून दिला. तो म्हणाला, "साहेब, मी हाय ना!" लिपिक म्हणाले, व्हिडिओ जुना असू शकतो. त्यावर प्रीतमने त्यांच्या शर्टाचा रंग सांगितला. तरीही, नियमात बसत नाही म्हणे. वा रे नियम!

५. हे सारे मी हसण्यावारी नेले असते. पण आमची हळद २९ ला आणि लग्न ३० ला आहे. हळदीत वाजवणाऱ्या बेंजोवाल्याने हाराचे ऐकून "ताई, मन घट्ट करा" म्हणत आपणहून बुकिंग रद्द केले. लग्नातली गाणी, म्हणजे धवले, गाणारी आमची धवलारीण राजाबाई म्हणते, हार चढलेल्या मानसाचे धवले मी गानार नाय. प्रीतमची आजी गोजराबाई तर हटूनच बसली आहे. "जित्या नातवाला भिताडाव टांगलाय, तो उतरवा, मंग मांडव घाला." आजीपुढे दोन्ही घरांत कोणाचे चालत नाही. आपलेही चालणार नाही, येऊन बघा.

६. साहेब, एक गोष्ट अर्जात बसत नाही, तरी लिहिते. मे महिन्यात चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता. तेव्हा हाच फोटो माझ्या खोलीत भिंतीवर होता. मी तो उतरवून गादीखाली ठेवला, कारण भिंतीवरच्या त्याच्याकडे बघवत नव्हते. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला, जवळा संपला म्हणून. मी त्याला खूप शिव्या दिल्या आणि खूप रडले. ज्या हाराची मला चार दिवस भीती वाटत होती तो आपण सहज, उरला म्हणून घातलात.

७. तरी दि. २७ पूर्वी हार उतरवावा, ही कळकळीची विनंती. स्टूल मी घरून आणते.

आपली नम्र,
आणि ३० तारखेची नवरी,
निशिगंधा क. भगत
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
(१) व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट, लिपिकांच्या निळ्या शर्टासह.
(२) आजीचा अंगठा.
(३) लग्नपत्रिका. आपण व नामा यांनी सहकुटुंब यावे. येताना हार मात्र आणू नये. त्याच्या गळ्यात हार मी घालणार आहे.