उंबऱ्याबाहेरचे बूट

१० फेब्रुवारी, मंगळवार

तिकीट आलं. मीनूने चेन्नईहून फोनवर पाठवलं. अण्णांची लेक ती, सगळं झटपट. खाली लिहिलंय, "अत्तै, आता माघार नाही." २४ मार्च. वार पाहिला तर मंगळवार.

अण्णांना जेवण होईपर्यंत सांगितलं नाही. ताक पीत होते. भांडं खाली ठेवून म्हणाले, "मंगळवारी उत्तरेला दिशाशूल अस्सतं, यमू." आणि पुन्हा ताक. बहीण जपानला चालली, एकटी चालली, एका अख्ख्या बेटाला पायी फेरी घालून अठ्ठ्याऐंशी देवळं करणार, यावर एक अक्षर नाही. वार तेवढा चुकला.

दुपारभर छातीत धडधड. यापुढे नुसतं छा. ध. लिहीन. पूर्ण लिहिलं की वाढते.

१२ फेब्रु.

डॉक्टरांकडे. ईसीजीची पट्टी काढली, नाडी पाहिली. हृदयाला काही झालेलं नाही म्हणे. "भीती कशाची वाटते, टीचर?" त्यांच्या बायकोला मी भूगोल शिकवलेला, म्हणून टीचर. मी पाऊस म्हटलं, घाट म्हटलं, तिकडची भाषा म्हटलं. उगाच. खरं सांगायची लाज वाटली.

खरं हे की एकसष्ट वर्षांत मी एकाही रात्री एकटी झोपलेले नाही. आधी आईच्या कुशीत, मग सोलापूरला ह्यांच्या शेजारी, हे गेल्यावर इथे माहेरी, तमिळ मुलखात, पलीकडच्या खोलीत अण्णांचा खोकला. तो खोकला ऐकू आला की झोप लागते. तिकडे रोज नवं गाव, नवी खोली, आणि कुणी खोकणार नाही.

१५ फेब्रु., रविवार

देवळात दोघींनी विचारलं, नवस आहे का? हो म्हटलं, सोपं पडतं.

नवस कसला. मी आयुष्यभर कुणाच्या तरी मागून चालले. सोलापूरला हे पुढे, हातात पिशवी घेऊन मी मागे. शाळेच्या सहलीत मुलींच्या रांगेच्या शेवटी मी. इथे अण्णांची छत्री पुढे, मी तिच्या मागे. ऊन असो नसो, ते छत्रीशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. मला एकदा असं चालायचं आहे की समोर कुणाची पाठ नाही. बस. नकाशावर तो रस्ता पाहिला की पोटात काहीतरी ओढतं. लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतकी ओढ नव्हती. हे लिहिलं खरं, खोडत नाही.

२० फेब्रु., शुक्रवार

अण्णांनी शूलावर उपाय काढला. आज मुहूर्त चांगला, आजच प्रस्थान ठेवायचं. आईच्या वेळी घरोघरी करायचे. जायचा दिवस वाईट असला तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी बरोबर न्यायची एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. झालं, माणूस निघालं. मग ती वस्तू प्रवास केल्याशिवाय आपल्या उंबऱ्याच्या आत आणायची नाही.

"इतक्या लवकर?" म्हटलं. "अजून महिना आहे."

"नंतरचे दिवस बरे नाहीत. मुहूर्त टळून जाईल. काय करालीस तिथं, लवकर दे की काही."

घाईघाईत हाताला लागलं ते खोकं दिलं. उत्तरेच्या अंगाला तिसरं घर राजम मामींचं, तिथे ठेवून आलो. मामींनी झाकण उघडून पाहिलं. तमिळमध्ये म्हणाल्या, "अय्यो, बूट? प्रस्थानाला कोणी पायातलं ठेवतं?"

अण्णा म्हणाले, "चालायलाच जाते ती."

२१ फेब्रु.

आज डोक्यात प्रकाश पडला. बूट नवे आहेत. मीनूने बजावलं होतं, महिनाभर रोज घालून मऊ करा, नाहीतर पहिल्याच दिवशी फोड येतील. आणि ते आता घरात आणता येत नाहीत. अण्णांना म्हटलं, दुसरी वस्तू ठेवू, बूट परत आणू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हारा विकायला काढलाय.

२३ फेब्रु.

तोडगा असा. सकाळी चपला घालून मामींकडे जायचं. त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून बूट चढवायचे. चालून यायचं, तिथेच काढायचे, चपला घालून घरी. मामी कॉफीचा पेला-डबरा घेऊन शेजारी बसतात आणि नाड्या बांधताना सूचना देतात. त्यांनी जन्मात बूट घातलेला नाही.

आज कावेरीच्या काठाने गेले. नदीत वाळूच. डाव्या टाचेला लागलं.

२६ फेब्रु.

विचित्र होतंय. घरात वावरताना वाटतं, मी इथून निघालेली आहे. स्वयंपाकघरातली चिंचेची बरणी, न्हाणीतला तांब्या, अण्णांचा चष्मा ठेवायचा कोनाडा, सगळ्याची आठवण येते. समोर असताना. कोनाड्यापुढे उभी राहून डोळे भरले. अण्णा म्हणाले, "काय हरवलं?" काही नाही म्हटलं.

२ मार्च, सोमवार

मासी मघाच्या स्नानाची गर्दी, गावात पाय ठेवायला जागा नाही. म्हणून उलट्या बाजूला, चोळपुरम्‌च्या रस्त्याला लागले. बस भरभरून गावाकडे येत होत्या, मी एकटी उलटी. एका ठिकाणी केळीची बाग संपते आणि एकदम मोकळं होतं. पुढे रस्ता, रस्त्यावर कुणी नाही. पाय आपोआप लांब पडायला लागले. छा. ध. होती, पण ही वेगळी. शाळा सुटल्यावर व्हायची तशी.

परतावंसं वाटेना. परतले.

७ मार्च, शनिवार

रंगीत तालीम करायची ठरवली. मायिलाडुतुरैला जाऊन लॉजवर एक रात्र एकटी राहायचं. खोली फोनवर सांगून ठेवली. मामींकडून बूट चढवून थेट स्टेशनवर.

तिरुविडैमरुदूरपर्यंत ठीक. गाडी हलली आणि लॉजची खोली डोळ्यांसमोर आली, पंखा, पांढरी चादर, आतून लावलेली कडी. हात गार. तोंड कोरडं. समोरची बाई विचारते, "काय झालं अम्मा?" आडुतुरैला गाडी थांबली तशी उतरले. ठरवून नाही, पायच उतरले. फलाटावर बसून राहिले. मग बसने परत.

मामींकडे बूट ठेवले. अण्णांनी दार उघडलं. "जेवलीस?" नाही म्हटलं. त्यांनी ताट घेतलं. वाढताना म्हणाले, "शनिवारी पूर्वेला शूल. मी सकाळीच म्हणणार होतो." ते माझ्यासाठी म्हणाले हे कळलं. तरी रडू आलं.

९ मार्च

नाही जमणार. बेट दूर राहिलं, मी मायिलाडुतुरैला पोचत नाही.

आणि दुसरं. आज मागच्या अंगणात अण्णांचा आवाज आला. कोण आलंय म्हणून पाहायला गेले. ते कावळ्याला भात ठेवत होते आणि त्याच्याशी बोलत होते, आपल्या मराठीत. "ये रे, मजला उशीर झाला आज. थंड झालाय, चालेल ना तुजला?" अगदी आईच्या बोलण्यासारखं. माझी सोलापुरी मराठी ऐकून ते हसतात, पण या गल्लीत त्यांच्याशी मराठीत बोलणारी मी एकटी उरलेय. मीनूसुद्धा तमिळमध्ये उत्तर देते. मी गेले की दोन महिने त्यांना हा कावळा. सराव चाललाय की काय त्यांचा?

ठरलं. रद्द. मीनूला उद्या फोन.

१० मार्च

फोनच्या आधी बूट घरी आणायचे, म्हणजे विषय संपेल, म्हणून मामींकडे गेले. मामी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"नेता येणार नाही. निघालेला माणूस परत कसा येतो?"

"मामी, मी जातच नाहीये. आणि अण्णांनी हे फार लवकर ठेवलं. वयामुळे पंचांग नीट वाचता येत नाही त्यांना आता."

"पंचांग? २० मार्चचा शुक्रवार इतका चांगला आहे की माझी नणंद त्याच दिवशी घरभरणी करते. मी तेव्हाच म्हटलं तुझ्या अण्णाला. तो म्हणाला, मामी, तोपर्यंत थांबलो तर ती शंभर कारणं काढील. आताच बाहेर काढून ठेवू."

मी तिण्णैवर बसले. मामींनी कॉफी आणली. बूट आणले नाहीत.

म्हणजे चूक नव्हती. जो सगळ्यात जास्त एकटा पडणार आहे त्यानेच मला बाहेर काढून ठेवलं.

मीनूला फोन केला नाही.

१३ मार्च

अण्णांना काही विचारलं नाही. ते मेतकुटाची डाळ भाजत होते, माझ्यासाठी, तिकडे नुसत्या भातावर निभावेल म्हणून. मला भाजू देत नाहीत, म्हणे मी करपवते.

मी त्यांना टोपीचं सांगितलं. तिकडचे यात्रेकरू शंकूसारखी टोपी घालतात, तिच्यावर लिहिलेलं असतं की आम्ही दोघे चाललोत. एकटा असला तरी.

"दुसरा कोण?"

"त्यांचे महाराज. शेकडो वर्षांपूर्वीचे. ते प्रत्येकाबरोबर चालतात म्हणे."

अण्णांनी डाळ हलवली. मग म्हणाले, "बरं आहे की."

१७ मार्च, मंगळवार

काल अण्णा जेवण करून उठले आणि म्हणाले, तिरुविडैमरुदूरला शाळूसोबत्याकडे जातो, उद्या येईन. माझ्या आठवणीत ते कुठे मुक्कामाला गेलेले नाहीत. पिशवीत धोतर घातलं, छत्री घेतली, गेले. मागे वळून पाहिलं नाही.

सकाळी लिहितेय. दिवे सगळे चालू ठेवले होते. पलीकडची खोली गप्प. वाटलं मामींकडे जाऊन झोपावं. गेले नाही. मग अण्णांचा खोकला मीच खोकून पाहिला, खोटा, आणि एकटीच हसले. त्यानंतरचं आठवत नाही म्हणजे झोपले असणार. जाग आली तर घर जागच्या जागी होतं, मीही.

दहाच्या बसने अण्णा आले. "झोपलीस?" "हो." "मजला झोप नाही आली, डास फार." कॉफी दोघांनी घेतली.

१९ मार्च

पाडवा. कडुलिंबाची फुलं आणि गूळ. अण्णा म्हणाले, यंदा कडू कमी लागतं. फुलं जुनी असतील.

२२ मार्च, रविवार

ऊन कडक. अण्णा डोक्यावर टॉवेल टाकून बाजारात गेले, विड्याची पानं आणायला. छत्री कुठे म्हटलं तर म्हणाले, "अस्स की कुठंतरी." तिरुविडैमरुदूरला विसरले असणार. नवी घ्या म्हटलं. नको म्हणाले.

बॅग भरली. मेतकुटाचा डबा तीनदा उघडून वास घेतला. आता बंद करून चिकटपट्टी लावली.

छा. ध. आहेच. ती जाईल म्हणून थांबले तर बूट मामींच्या तिण्णैवर जुने होतील.

२४ मार्च, मंगळवार. गाडीत

अक्षर हलतंय, गाडीमुळे. अर्धं गाडीमुळे.

आपल्या घरून निघायचं नव्हतं, मी तर केव्हाच निघालेली. अण्णांनी उंबऱ्याच्या आतूनच हातावर दही घातलं. "पाय भिजले तर लगेच पूस." एवढंच. मी खाली वाकले तर डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. मग मी बॅग ओढत मामींकडे.

बूट घालताना मामी आत गेल्या आणि दाराआडून अण्णांची छत्री घेऊन आल्या. मला दाखवली आणि पुन्हा दाराआड ठेवली.

"विसरले होय इथे?"

"विसरतो कसला. शुक्रवारी सकाळी आणून ठेवली. चांगला दिवस होता ना. म्हणाला, परत घरात आणायची नाही."

"कुठे जायचंय त्यांना?"

"मी विचारलं. सांगितलं नाही."

गल्लीच्या टोकाशी वळून पाहिलं. अण्णा आमच्या तिण्णैवर उभे, उन्हात, डोक्यावर टॉवेल. हात हलवला नाही त्यांनी. मीही नाही. रिक्षावाला म्हणाला, अम्मा, उशीर होतोय.

तिरुविडैमरुदूर गेलं. हात गार पडले, ठरल्याप्रमाणे. समोर एक मुलगी फोनवर बोलतेय. खिडकीतून भाताची खाचरं, कापणी झालेली. चेन्नईला मीनू येणार, ती विमानतळावर सोडणार, तिथून पुढे कुणी नाही. मेतकुटाचा डबा मांडीवर घेतलाय.

मी उतरले तर बूट घरी येतील. पण टोपीवरच्या त्या दोघांसारखी छत्रीही निघालेली, तिचं काय करायचं ते मामींनाही माहीत नाही.

गाडी हळू झाली. आडुतुरै. फलाटावरचा तो बाक दिसतोय. दार माझ्यापासून चार पावलांवर आहे, उघडं. नाडी सुटली होती, खाली वाकून बांधली, मामी सांगतात तशी दुहेरी. वर पाहिलं तर गाडी अजून उभीच आहे. मीही जागच्या जागी.