शनिवार संध्याकाळचे संदेश

प्रिय मेरिट,

जूनपासून तुझं एक अक्षर आलं नाही. पोर्टलंडचं वारं लागलं, आता बेटावरची विनी कशाला आठवेल, असं म्हणून मीही रुसून लिहिणं सोडलं. ऑल्डनला मला चिडवायला तेवढंच निमित्त. धक्क्यावर दिसले की विचारतो, "काय गं, संदेशपेटी बिघडली की तुझा मेरिटच बिघडला?" त्याच्या अंगावर शिळं आमिष फेकावंसं वाटतं.

पण रागावून किती दिवस बसणार? शेवटी पेटीच उघडून पाहिली. मला आपल्या पेट्यांचं अजूनही नवल वाटतं. धक्क्यावरची पेटी बिनतारी संदेश लॉबस्टर पकडणाऱ्या बोटीवरच्या पेटीला देते, ती बोट वाटेत भेटेल त्या बोटीला, आणि असा हातोहात तो किनाऱ्याला लागतो. उशीर होतो, पण मधल्या कुणाला वाचता येत नाही. गेल्या सप्टेंबरात कुणीतरी 'आज भाव चढलाय, लवकर या' हा आदल्या आठवड्याचा निरोप पुन्हा सोडला आणि सगळ्या बोटी उगाच बंदरात धावल्या, आठवतं? त्यानंतर ऑक्टोबरात तू सगळ्या पेट्यांत नियम घातलास: एका दिवसापेक्षा जुना संदेश खोटा समजायचा.

असे संदेश पेटी पुसून टाकत नाही, नुसते बाजूला ठेवते, हे मला काल कळलं. बाजूला पडलेले सगळे तुझेच होते, सगळे शनिवार संध्याकाळचे, काम सुटल्यावर लिहिलेले. आधी मला हसूच आलं. अरे, इथे जन्म गेला तुझा, आणि उन्हाळ्यात रविवारी लॉबस्टरचे पिंजरे ओढायला बंदी असते हे विसरलास? ऑक्टोबरात बोटी रविवारीही निघत होत्या. आता शनिवारचा संदेश सोमवारपर्यंत बांधलेल्या बोटीत पडून राहतो आणि इथे येतो तो खोटा ठरूनच. आम्ही बेटावरचे शनिवारी काही पाठवतच नाही.

मग एकेक वाचत गेले आणि हसू कुठच्या कुठे पळालं. परत येऊन तुझ्याबरोबर राहू का, असं तू पुन्हा पुन्हा विचारलंयस. गेल्या शनिवारी शेवटचं लिहिलंयस, 'तुझं गप्प बसणं मला कळलं, आता हा आठवडा सोडून पुढच्या सोमवारी पोर्टलंडमधलं घर घ्यायच्या कागदांवर सही करतो.' म्हणजे परवाच! मेरिट, मी गप्प नव्हते रे. प्रश्नच माझ्यापर्यंत आला नव्हता. आज शनिवार आहे, पेटीत टाकलं तर तुझा नियम माझ्या 'हो'लाही खोटं ठरवील. म्हणून हे कागदावर लिहिलंय. ऑल्डन बोटीच्या इंजिनाचा भाग आणायला आजच्या फेरीबोटीने तिकडे येतोय, तो तुझ्या हातात देईल. सही करू नकोस. परत ये, मला तू इथे हवा आहेस.

अजूनही तुझीच,
विनी