पास झाल्याशिवाय लेबल नाही

२ सप्टेंबर, सोमवार

लेबलवाला येऊन गेला! टेबलभर नमुने मांडले — काळे, पांढरे, सोनेरी. एक तर इतका चकचकीत की वन्सं म्हणाल्या, "हे बक्षिसाच्या कपाला बांधा."

वीस वर्षं आम्ही नणंद-भावजय दुसऱ्यांचे कोट शिवत आलो. कॉलरच्या आत किती जणांची नावं लावली असतील, देव जाणे. आता आमचं. नाव ठरलंय — 'टीप'. हे म्हणाले, "'नणंद-भावजय' ठेवा. भांडण बघायला तरी गिऱ्हाईक येईल." दुर्लक्ष केलं.

मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाच्या मालकीणबाई हिवाळ्याच्या मांडणीत आमचे बारा कोट आणि थोड्या पिशव्या लावणार आहेत. दर्शनी खिडकीत, आमच्या नावाने! २८ तारखेला, शनिवारी. जमणार. मला काडीची शंका नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

साटन बाद. दिसतं छान, पण नख लागलं की धागा निघतो. जाड विणीचंही बाद — 'टीप'ची वेलांटी भरून ठिपका झालाय. बारीक धाग्याची दाट वीण घ्यायची. अक्षरं कशी कोरल्यासारखी दिसतात!

राहिला प्रश्न घडीचा. लेबलवाला म्हणतो, "सरळ कापलेलं घ्या, बाई, सगळे तेच घेतात." मानेला लागणारी कड कशी असते ते सगळ्यांना विचार म्हणावं. यांच्या तीन शर्टांत तीन प्रकारची लेबलं शिवून ठेवली आहेत. सांगितलेलं नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

बुधवारी हे मान खाजवतच घरी आले. काल म्हणाले, "साबण बदललास का गं?" आज काहीच नाही. जेवले, पेपर वाचला, झोपले. म्हणजे हेच!

तर ठरलं. कोटांना दोन्ही टोकं आत दुमडलेलं लेबल. कापलेली कड घडीत लपते, मानेला फक्त मऊ दुमड लागते. कोट पूर्ण झाला की शेवटी हातशिलाईनं लावायचं, टाका बाहेर उमटू द्यायचा नाही. पिशव्यांना मात्र मधोमध दुमडलेलं. ते शिवतानाच बाजूच्या शिवणीत अडकवावं लागतं, मग पिशवीनं कुणाला जीभ दाखवावी तसं बाहेर डोकावतं.

वन्संचं एकच — "एवढं ठळक नाव कशाला? बारीक असू दे. कुणी विचारलं तर सांगू की."

"विचारायला लागू नये म्हणून तर लेबल!"

"बाई गं," म्हणाल्या आणि कात्रीला धार लावायला गेल्या.

७ सप्टेंबर

हजाराच्या खाली लेबलवाला विणून देत नाही. दिली हजाराची ऑर्डर! लागतील.

१८ सप्टेंबर, बुधवार

आली!! गडद निळ्यावर सायीच्या रंगाची अक्षरं. घडी अशी की कागदाची वाटावी. वन्संनी आधी हात धुतले, पुसले, मग एक उचलून पालथं-उताणं बघितलं. परत ठेवलं, डब्याला झाकण लावलं आणि डबा कपाटात.

मी आजच पिशव्यांच्या राहिलेल्या बाजूच्या शिवणी मारल्या आणि सगळ्यांना लेबलं लावली. कोटांचं काम अजून बाकी आहे. सहा वन्संचे, सहा माझे. माझ्या कोटात तर कंपनीच्या फुलीवाल्या तपासनिसालासुद्धा कधी काही सापडलं नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

माल गेला. शेवटचे पाच दिवस नुसती धावपळ. सकाळी मी कोटांची कव्हरं आणि हँगर आणायला बाजारात, वन्सं घरी — इस्त्री, हातशिलाई, बांधाबांध सगळं त्यांच्याकडे सोपवलं होतं. परत आले तेव्हा टेम्पो निघालेला. छान झोप लागणार आज.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मालकीणबाईंचा फोन. "कोट सुरेख आहेत. पण लेबल कुठंय?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. "कॉलरच्या आत बघा."

"तिथंच बघतेय. बाराच्या बारा कोरे. पिशव्यांना आहे फक्त." मग जरा थांबून म्हणाल्या, "अहो, बरंच झालं. आमच्या दुकानाचं लावते. तसं चालणार असेल तर अख्ख्या हिवाळ्याचं काम तुम्हालाच. विचार करा."

कपाट उघडलं. डबा जिथल्या तिथं.

"वन्सं, लेबलं लावली नाहीत?"

"कशी लावणार? पास कुठं झाले होते?"

"पास?" मी विचारलं. त्या शांत. "कुणी आलं का बघायला? कुणी म्हटलं का पास? पास झाल्याशिवाय लेबल लावलंय का आपण कधी? मला वाटलं, त्या बाई बघतील, मग लेबलं मागवतील."

खरं आहे! वीस वर्षं फुलीवाला यायचा — कंपनीचा तपासनीस. टेप आणि खडू घेऊन एकेक कोट उलटासुलटा करायचा. चूक दिसली की खडूची फुली. चहासुद्धा घ्यायचा नाही. शेवटी "पास" म्हणायचा आणि मगच लेबलं मोजून हातात द्यायचा. आता आमचे कोट पास कोण करणार, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. धाग्यापासून घडीपर्यंत सगळं ठरवलं, आणि हे राहिलं!

हसायला आलं. मग मालकीणबाईंचं बोलणं आठवलं, तेव्हा थांबलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

हे म्हणाले, "मी तर हो म्हटलं असतं. अख्खा हिवाळा बसून काम."

मी नाही म्हणून आले. स्वतः गेले दुकानात, कोट टेम्पोत घातले. म्हटलं, लावायचे तर आमच्या नावाने. मालकीणबाईंचा चेहरा उतरला. "शुक्रवारी दुपारपर्यंत परत आणा. नाहीतर खिडकी दुसऱ्याला देईन." त्यांचंही बरोबर आहे.

आल्या आल्या वन्संच्या हातात टेप आणि खडू दिला.

"मी?" अशा दचकल्या, जसा काही साप दिला. "मी कोण पास करणारी?"

"मग कोण? आणू का फुलीवाल्याला?"

"तो रिटायर झाला."

"तेच म्हणतेय!"

टेप, खडू टेबलावर ठेवून भाजी चिरायला निघून गेल्या.

२६ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर टेप टेबलावर. मी हात लावला नाही, त्यांनीही नाही. लेबलांचा डबा उघडून शेजारी ठेवला. मनात आलं, गुपचूप लावून टाकावीत. सोपं होतं. नाही लावली. वन्सं येता-जाता डब्याकडे बघतायत — बघितलंय मी. उद्या सकाळी घेतील हातात. घेतीलच.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी उठून आले तर वन्सं चष्मा लावून कोटांसमोर. गळ्यात टेप. चहा नेला — "नंतर." एकेक कोट उलटा, सुलटा, खांद्यावर, उजेडात. अकरा पास. मोजून अकरा लेबलं माझ्या हातात ठेवली. एका कोटावर खडूची फुली — बाहीला झोळ. माझा कोट!

"हा जाणार नाही," म्हणाल्या. "बाही उसव."

मी म्हटलं, "हो, साहेब."

हसल्या नाहीत.