बुटकी गाडी, मोठे टायर

बार्दा दरी, १२ मार्च

प्रिय रागनाताई,

पाय कसा आहे? अकुरेरी शहरातल्या त्या फ्लॅटमध्ये लिफ्ट आहे म्हणून फार मिजास करू नकोस. इथे सगळं ठीक. मेंढ्या गाभण आहेत, वारा उत्तरेचा आहे आणि शेजारचा ओडुर सकाळी कॉफीला म्हणून येतो तो जेवूनच जातो. फोनवर गाडीचं नाव काढलं की तू लगेच हवापाण्यावर घसरतेस, म्हणून हे पत्र. पत्रात मध्येच बोलून विषय बदलता येत नाही.

तर ऐक. आपली जीप मी गोठ्यातून बाहेर काढली. हो, तीच, नदीकाठच्या उतारावर आपल्या दोघांना पोटात घेऊन आडवी झालेली. चेपलेलं टप ठोकून सरळ केलं आणि आता तिला माझ्या कमरेच्याही वर येतील असे टायर लावतोय.

पण गाडी उंच करायची नाही, असं मी ठरवलंय. ओडुरला ते पटत नाही.

"अरे, एवढाले टायर घालायचे तर आधी गाडी वर उचल की! सगळे उचलतात."

"उंच गाडी कशी लोळते ते मी आतून बघितलंय," मी म्हटलं आणि ग्राइंडर चालू केला. टायरला जागा हवी ना, मग पत्रा कापायचा. मडगार्डं कापली, दाराचा कोपरा कापला, पुढचा अॅक्सल थोडा पुढे सरकवला. गाडी उचलली ती फक्त चार बोटं. ओडुर कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, "मेंढीला गमबूट घातल्यासारखी दिसतेय."

आणि हो, क्लचही काढून टाकला. गिअर आपले आपण बदलणारा डबा मिळाला जुन्या बाजारात. डाव्या पायाने सारखं दाबत बसायचा कंटाळा येतो या वयात. "तुझा डावा पाय तर ठणठणीत आहे," ओडुर म्हणाला. त्याला मी म्हटलं, तू कॉफी पी.

तुझा,
स्टाइनर


बार्दा दरी, ४ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ: "ती गाडी चालवणार कोण?" तिकिटाचे पैसे तरी वसूल करायचे होतेस!

तर परवा पहिली चाचणी झाली. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर पत्र्याला असा घासायचा की कुत्रं गोठ्यात जाऊन लपलं. पुन्हा कापलं. आता ड्रायव्हरच्या पायाशी इतकी कमी जागा उरलीय की माझे बूटसुद्धा नीट मावत नाहीत. ज्याचे पाय लहान त्याला चालेल.

मग टायरची हवा सोडली. पार बसके होऊन पसरेपर्यंत. ताई, काय सांगू! ज्या बर्फात मी कंबरेपर्यंत रुतलो होतो, त्याच बर्फावरून ती गाडी अलगद वर वर चालत गेली. बांधावरून तिरकी नेली तरी ढिम्म हलली नाही. ओडुर आतून ओरडत होता, "ही उलटायची नाही रे! उलटवायची म्हटली तरी उलटायची नाही!" आणि मी बाहेर उभा राहून लहान पोरासारख्या टाळ्या पिटत होतो.

चालवत ओडुर होता, कारण माझी पाठ जरा धरली होती.

तो उतरला तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे स्टीअरिंगला आपटून लाल झालेले. "काय रे, सीट मागे का सरकत नाही?"

"वेल्डिंग केलंय."

"कुणाच्या मापाने? ह्या सीटवर बसेल असं बुटकं माणूस आख्ख्या दरीत..." आणि त्याने वाक्य तिथेच सोडलं. मग शहाण्यासारखा आत जाऊन सुक्या माशाला लोणी लावत बसला. तू मात्र एवढ्यातच कसला अंदाज बांधू नकोस.

तुझा,
स्टाइनर


बार्दा दरी, उन्हाळ्याचा पहिला दिवस

प्रिय ताई,

उन्हाळ्याच्या शुभेच्छा! पंचांगात उन्हाळा लागला आणि बाहेर बर्फ पडतोय, म्हणजे सगळं रीतीप्रमाणे चाललंय. काल, हिवाळ्याच्या शेवटच्या रात्री, अंगणात पाण्याची बशी ठेवली होती, आई ठेवायची तशी. सकाळी बघतो तर वर पातळ काच धरलेली. हिवाळा आणि उन्हाळा एकमेकांना चिकटून गोठले. म्हणजे आई म्हणायची तसं वर्ष चांगलं जाणार.

आज उन्हाळ्याची भेट द्यायचा दिवस. तुझी भेट टपालाने पाठवण्यासारखी नाही.

आता खरं सांगतो. माझी पाठ धरलेली नव्हती. डोळे गेलेत, ताई. पूर्ण नाही, पण समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसतो. डॉक्टरांनी शरदातच गाडी चालवायचा परवाना काढून घेतला. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि तुझं रडणं मला ऐकवत नाही. पत्रा कापायला डोळे कमी आणि बोटं जास्त लागतात, म्हणून निभावलं. एक दार जरा वाकडं बसलंय, हसू नकोस.

गाडी उलटल्यावर तू म्हणाली होतीस, "माझ्या हातात आता कॉफीचा कप द्या, स्टीअरिंग नको."  त्याचं उत्तर आज देतो. त्या दिवशी उतार खचला, तू चुकली नाहीस. या दरीत तुझ्याइतकं बर्फ कुणाला कळत नाही. तू नसलीस की घर खायला उठतं आणि मला तुझी फार आठवण येते.

पायरी तुझ्या दुखऱ्या डाव्या पायाला झेपेल इतकीच उंच आहे. गाडी बुटकी ठेवली ती मुळात त्यासाठीच, बाकी सगळं ओडुरला सांगायला. वडिलांच्या डोंगरातल्या खोपीवर दोन वर्षांत कुणी गेलं नाही. धुरावलेलं मटण बांधून ठेवलंय, तिथेच जाऊन खाऊ.

पत्र घेऊन ओडुरच आलाय. तुझ्या दारात उभा असेल, आणि मी खाली गाडीत. नाही म्हणालीस तर तो कॉफी पिईल आणि खाली परत येईल, मी रागावणार नाही. हो म्हणालीस तर जाडे मोजे घे.

आरसे तुझ्या उंचीला लावलेत. मागचं तू बघ.

तुझा, शेजारच्या सीटवर बसून राहिलेला,
स्टाइनर