शेवटच्या थांब्यापर्यंत

चि. धाकटीस,

हे पत्र मी पाठवणार नाही. सबबी सांगणाऱ्यांना मी कधी भीक घातली नाही. काल बागेतून नातीला पाचच्या आत आणायचं ठरलं होतं. मी साडेपाचला पोचले आणि बस उशिरा आली म्हणाले. बस वेळेवर होती. तुझी लेक माझं बोट मुठीत धरून झोपली होती. ते सोडवून घेववेना, म्हणून तुमचा थांबा गेला तरी बसून राहिले.

तू म्हणालीस, “हेडबाई, तुम्हालाही उशीर होतो तर. आता हिला पुन्हा तुमच्याबरोबर पाठवणार नाही.”

माझ्या शाळेत तू दोन मिनिटं उशिरा आलीस, तेव्हा मी तुला तासभर फाटकाबाहेर ठेवलं होतं. तू गजांतून हात आत घातला होतास. मी घड्याळ बघत होते.

तुझी,
आई