मागे कोण म्हणतं

६ जानेवारी, सोमवार

सर्व्हरवाल्यांचं पत्र आलं. हे तिसरं. या वेळी इंग्रजी सोपं होतं, शब्दकोश काढावा लागला नाही. तुमच्या साइटमुळे त्याच यंत्रावरच्या बाकीच्या साइटांना त्रास होतो. एकतीस तारखेच्या आत स्वतंत्र सर्व्हर घ्या, नाहीतर आम्ही बंद करू.

त्रास! दोनशे चौदा कविता, त्या म्हणणारी एक बाई, आणि तीही दोन वर्षांपूर्वी गेलेली. माझ्या बायकोचा, सुंदरम्माचा, जन्मात कोणाला त्रास झाला नाही.

अभिमन्यूला फोन केला. चौथीत माझ्या वर्गात होता, आता पन्नाशीचा आहे आणि त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. साइट त्यानेच बांधून दिली. म्हणाला, "गुरुजी, आत्ता तुमी बिऱ्हाडकरू आहात की. एका घरात दोनशे बिऱ्हाडं, नळ एकच. सगळं पाणी तुमच्याकडंच जायलंय. आता अख्खं घर घ्यायचं."

या वयात नवं घर!

७ जानेवारी, मंगळवार

अभिमन्यू दोन योजनांचा कागद देऊन गेला. एक छोटी, एक मोठी. नावं कसली, आगगाडीच्या डब्यावर असतात तशी अक्षरं आणि आकडे. छोट्या सर्व्हरला एकच डिस्क, आणि देखभाल आपली आपण. मोठ्याला दोन डिस्क. प्रत्येक गोष्ट दोन्हींवर उतरते, एक मोडली तरी दुसरी असते. भाडं तिप्पट.

"नुसत्या कविता असतील तर छोटा लई झाला," अभिमन्यू म्हणाला. "पण नुसत्या कविताच आहेत का, ते बघायला पाहिजे."

तिचा आवाज एकाच ठिकाणी ठेवायचा, ही कल्पनाच मला सहन होत नाही. एक डिस्क म्हणजे एक दिवा. फुंकर पुरते.

८ जानेवारी, बुधवार

नुसत्या कविता नाहीत.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच गोंधळ होईल. शेवटच्या हिवाळ्यात सुंदरम्माने मागच्या खोलीत पडल्या पडल्या शाळेत शिकवलेल्या सगळ्या कविता फोनवर म्हणून ठेवल्या. ती अक्कलकोटची, घरची भाषा कानडी. पण मराठी कवितेची चाल तिच्याइतकी कोणाला साधली नाही. शाळेतली सवय अशी की ओळ म्हणायची, पट्टी टेबलावर टक् वाजवायची आणि गप्प व्हायचं. वर्ग मागे म्हणणार, मग पुढची ओळ. खाटेवर पडूनही तेच. ओळ, खाटेच्या कडेवर टक्, आणि शांतता. मी विचारलं, थांबतेस कोणासाठी? म्हणाली, "म्हणू द्या की त्यांना."

साइटवर मी तोच नियम ठेवला. ओळ वाजते, मग माइकचं बटण दाबून ऐकणाऱ्याने ती मागे म्हणायची. त्याचा आवाज आमच्याकडे साठतो, आणि तेव्हाच पुढची ओळ येते. अभिमन्यू तेव्हाच म्हणाला होता, ही अट नको, लोक कंटाळतात. मी ऐकलं नाही. मागे म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. ती अठ्ठावीस वर्षं तशीच शिकवत होती.

आज अभिमन्यूने साठा उघडला. तिच्या कविता एका कोपऱ्यात मावतात. बाकी सगळी जागा मागे म्हणणाऱ्यांची. आणि त्यातलं जवळजवळ सगळं एकाच पत्त्यावरून आलेलं, जूनपासून. हजारो फायली.

"आणि गुरुजी, सगळ्या रिकाम्या आहेत. बोलतंच नाही कुणी."

९ जानेवारी, गुरुवार

एक फाइल ऐकली. हेडफोनची कान झाकणारी ती टोपी घालून, पूर्ण तीन मिनिटं.

पंखा फिरतो आहे. लांब कुठेतरी होला घुमतो. बाक सरकल्यासारखं काहीतरी. माणसं नसलेल्या खोलीची शांतता मला ठाऊक आहे, सुट्टीत शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे असत. ही शांतता ती नव्हे. ही भरलेली आहे. वर्गात पाहुणे साहेब आले की चाळीस पोरं गप्प बसतात, तशी.

दुसरी ऐकली. तशीच. तिसरीही.

११ जानेवारी, शनिवार

अभिमन्यू म्हणतो, यंत्र असेल. इंटरनेटवर अशी यंत्रं भटकत असतात, दिसेल ते बटण दाबतात. पत्त्यावरून गाव कळत नाही, नकाशावर ठिपका पुण्यात पडतो, पण तो नुसता कंपनीचा.

मी वेळांची यादी केली. रोज अकरा वीसला सुरू, बाराच्या आत बंद. सोमवार ते शुक्रवार. आणि शनिवारी? सकाळी आठला.

शनिवारची शाळा सकाळची असते. यंत्राला हे कोणी सांगितलं?

१२ जानेवारी, रविवार

एकही नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. एकही नाही.

मागचे महिने काढून पाहिले. दिवाळीच्या सुट्टीत सलग दिवस कोरे. गणपतीत एक दिवस. जे कोणी आहे ते शाळेच्या सुट्ट्या पाळतं. आणि जूनमध्ये आलं, शाळा उघडली त्या आठवड्यात.

शेजारच्या काशम्मा तिळगूळ घेऊन आल्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "गुरुजी, दुपारच्याला एकटेच कुणासंगं बोलायलाव?"

मला माहीत नव्हतं मी बोलतो ते.

१६ जानेवारी, गुरुवार

साइटवरची एक कविता माझीच, लहान पोरांसाठी रचलेली. माळावरती एक बोर, बोरीखाली बसला मोर. सुंदरम्मा ती किंचित हेलात म्हणायची, 'मोर'वर पोरांच्या माना डोलायच्या.

त्या ओळीनंतरची शांतता आज ऐकली. मंगळवार, दहा डिसेंबरची. एक मिनिट बारा सेकंदांवर बांगड्या वाजल्या.

काचेच्या. दोन-तीनच, एकमेकींवर. मग थोडं थांबून पुन्हा, जरा जोरात. फळ्यावर लिहिताना हात वर गेला की वाजतात तशा.

सुंदरम्मा अहेवपणी गेली. हातात हिरवा चुडा भरूनच तिला नेलं.

टोपी काढून ठेवली. पुढचं ऐकलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

ऐकलं. बांगड्यांनंतर एक सूर आहे, लहान मुलाच्या घशातला. शब्द नाही. शब्द व्हायच्या आधीचं काहीतरी. चढतो आणि मध्येच तुटतो.

अभिमन्यूला ऐकवलं. त्याने तो पुन्हा लावून ऐकला. मग म्हणाला, "गुरुजी, साइटवर एक पाटी लावू. कोण आहात, नंबर कळवा. एका मिनटाचं काम."

मी नको म्हणालो.

"का ओ?"

सांगितलं नाही. विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर मी काय करू? आणि आलं तर?

२० जानेवारी, सोमवार

आज अकरालाच बसलो. अभिमन्यूने दाखवून दिलंय, कोण काय ऐकतंय ते तिथल्या तिथे दिसतं.

अकरा वीस. आले.

पहिली ओळ. मग माइक चालू, तीन मिनिटं. दुसरी ओळ. माइक चालू. घाई नाही, कंटाळा नाही. मी इकडे तीच कविता लावली आणि त्यांच्याबरोबर मागे म्हणू लागलो, मोठ्याने. तिची ओळ, टक्, माझा आवाज. तिकडे कोणीतरी गप्प. घरात मी एकटा, पण पाठीमागे बाक भरत गेल्यासारखे वाटत होते. वळून पाहिलं नाही.

गेलेली पोरं आठवली. पुरात गेलेला एक. काविळीने गेलेली एक, पाठांतरात पहिली यायची. "वर्ग असतोच," सुंदरम्मा म्हणायची. तेव्हा मी हसलो होतो.

बाराला दोन मिनिटं असताना गेले.

२२ जानेवारी, बुधवार

जेवण जात नाही. अकरा वीसची वाट बघतो आणि अकरा वीसला भितो. ती बोलावते आहे असं मनात येतं आणि मग दिवसभर दुसरं काही येत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

ठरवलं. छोटा सर्व्हर.

अभिमन्यू संध्याकाळी आला होता. त्याने हिशेब मांडला नाही, माझा चेहरा पाहिला. "रिकाम्या फायली पुसून टाकू. आणि नव्या सर्व्हरवर एक अट घालू, आवाज नसेल तर फाइल घ्यायचीच नाही, आणि पुढची ओळपण द्यायची नाही. पंख्याबिंख्याचा आवाज धरायचा नाही. बाईंच्या कविता सेफ, तुमी पण सेफ."

"तिचा आवाज एकाच डिस्कवर?"

"माझ्या दुकानात एक प्रत ठेवतो की. रोजच्या रोज."

मग काय उरलं? मी हो म्हणालो. रिकामी फाइल आली तर पडद्यावर काय लिहायचं, असं त्याने विचारलं. मी जन्मभर वर्गात जे म्हणत आलो तेच सांगितलं: आवाज आला नाही. पुन्हा म्हणा.

२६ जानेवारी, रविवार

रविवारी कधी येत नाहीत. आज आले. सकाळी नऊला, झेंडावंदनाच्या वेळेनंतर. एकच कविता लावली, तिच्या आवाजातली झेंड्याची. चौदा ओळी, चौदा शांतता.

अभिमन्यूला फोन करून थांब म्हणावं, असं दोनदा वाटलं. केला नाही.

२७ जानेवारी, सोमवार

साइट हलली. नवं घर. अभिमन्यू म्हणतो, आता भिंतीला भिंत नाही, कोणी तक्रार करणार नाही. पहिली कविता लावून पाहिली. तिचा आवाज स्वच्छ आला. ओळ, टक्. मी मागे म्हटलं. पुढची ओळ आली.

रिकाम्या फायली पुसल्या. एवढ्या हजारो, आणि पुसायला चार मिनिटं.

२८ जानेवारी, मंगळवार

अकरा वीस. आले.

पहिली ओळ. माइक. नाकारलं. पुन्हा माइक. नाकारलं. पुन्हा.

एक्केचाळीस वेळा. बारा वाजेपर्यंत पहिल्याच ओळीवर. एक्केचाळीस वेळा लाल अक्षरांत माझंच वाक्य त्यांच्यापुढे उमटलं. यंत्र असतं तर लगेच सोडून गेलं असतं, किंवा मग थांबलंच नसतं. हे थकत थकत थांबलं. शेवटच्या दहा प्रयत्नांत मधला वेळ वाढत गेला आहे.

२९ जानेवारी, बुधवार

सव्वीस वेळा.

काशम्मांनी भाकरी पाठवली. तशीच आहे.

३० जानेवारी, गुरुवार

एकदाच.

३१ जानेवारी, शुक्रवार

कोणी नाही. जुनी जागा आज कायमची बंद झाली. अभिमन्यूचा फोन: "बघा, सुटलात की गुरुजी." घर फार मोठं वाटलं आज. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी फोन वाजला. अनोळखी बाई, तिशीतली असावी. "गुरुजी, मी सोनाली बोलतीय, सांगोल्याकडनं. तुमच्या जुन्या शाळेतनं नंबर मिळवला, चार दिवस लागले." कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवते. बाईंची कविता रोज मोठ्या स्पीकरवर लावते. मुलं स्पीकरच्या खोक्यावर तळवे टेकून ठेका घेतात, टक् लागला की समजतात आपली पाळी आली. मग एकेक जण उठून ती ओळ हातांनी म्हणतो. अठरा मुलं. तेवढा वेळ ती माइकचं बटण दाबून ठेवते, नाहीतर पुढची ओळ येत नाही.

"मंगळवारपासनं काय झालंय कळंना. पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा असं येतंय. पोरांना वाचता येतं की ओ. एक्केचाळीस वेळा म्हटली त्यांनी, सगळ्यांनी मिळून, हात दुखेस्तोवर. आता ती साइटवरच्या फोटोतल्या बाईंकडं बोट करून मला विचारत्यात, आमचं काय चुकलं?"

अभिमन्यूला म्हणालो, मोठा सर्व्हर घे, तिथे व्हिडिओ साठवता आला पाहिजे, हात दिसले पाहिजेत. पण ते नंतर. आधी ते वाक्य काढ.